शिबिर उठलं, गावात काय राहिलं?

कोऱ्हाळे बुद्रुक (ता. बारामती) : नीरा-बारामती रस्त्यावर कोऱ्हाळ्याच्या स्टँडजवळ सकाळी चहा घेत बसले, की पंचक्रोशीच्या बातम्या आपोआप कानावर येतात. पाटाची पाळी कधी सुटणार, कारखान्याची तोड कुणाच्या फडात आली, कुणाच्या उसाला तुरा आला, हे विषय झाले की मग इकडच्या-तिकडच्या गोष्टी. त्या दिवशी रस्त्याने एक टेम्पो गेला. आत कॉलेजची पोरं-पोरी, वळकट्या, मोठी पातेली आणि पुढे बांधलेला कापडी फलक. कुठल्या तरी गावचे शिबिर उठून परत निघाले होते. घोषणा देऊन घसे बसलेले, पण उत्साह कायम.

टेम्पो पुढे गेल्यावर बाकावरचे एक वयस्कर शेतकरी म्हणाले, "दरवर्साला कुठल्या ना कुठल्या गावात येत्यात बघा. रस्ता झाडत्यात, झाडं लावत्यात, रातच्याला नाटकं करत्यात. गुणाची पोरं हायती, नाव ठेवायला जागा न्हाई. पण मी म्हणतो, सात दिस ऱ्हायली, जेवली-खाल्ली, गेली. गावात काय ऱ्हायलं मागं? आन् पोरांनी तरी काय नेलं संगं?"

प्रश्न जरा खोचक वाटेल, पण खोटा नाही. आणि आता तो विचारण्याची वेळही आली आहे. आजवर गावात येत ती राष्ट्रीय सेवा योजनेची मुले आणि कृषी महाविद्यालयांचे कृषिदूत-कृषिकन्या. नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्या राज्यात २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही पदवीचा नवा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजाशी जोडून घेणारे उपक्रम यांना श्रेयांक, म्हणजे साध्या भाषेत मार्क ठेवले आहेत. याचा अर्थ एवढाच, की हौसेने येणाऱ्यांबरोबर आता मार्कांसाठी येणारी मुलेही गावाच्या वेशीवर दिसतील. त्यांच्या हातात प्रश्नावली असेल. त्यांना आपण काय दाखवायचे आणि त्यांच्याकडून काय मागायचे, हे गावानेच ठरवायला हवे.

चार भिंतींबाहेरची शाळा

महाविद्यालयाबाहेरचे शिक्षण म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर सहल येते. सहल वाईट नाही, पण तो वेगळा विषय. इथे जे म्हणायचे आहे ते असे, की पुस्तकात वाचलेली गोष्ट रानात, पाटावर, गोठ्यात, माणसांत जाऊन पडताळून पाहायची आणि हाताने करून शिकायची. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असते. विद्यापीठांना ते कबूल करायला बराच वेळ लागला.

आपल्या देशात राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली ती २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. सुरुवातीला ३७ विद्यापीठे आणि सुमारे ४० हजार विद्यार्थी होते. योजनेतल्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करायचे आणि त्याशिवाय दत्तक घेतलेल्या गावात सात दिवसांचे निवासी शिबिर करायचे, असा नियम. आपल्या भागात बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आणि सोमेश्वरनगरचे मुगुटराव साहेबराव काकडे महाविद्यालय ही जवळची कॉलेजे. पहिल्या सत्राची परीक्षा संपली की डिसेंबर-जानेवारीत बहुतेक ठिकाणची शिबिरे लागतात.

दुसरा प्रकार कृषिदूतांचा. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला मुलांना एका सत्रासाठी गावात पाठवतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाशी जोडलेल्या महाविद्यालयांचे विद्यार्थी पावसाळ्याच्या तोंडाला आपल्याकडे येतात ते याच कार्यक्रमाखाली. पहिल्या आठवड्यात ग्रामपंचायतीसमोर रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा, मग बीजप्रक्रिया, माती परीक्षण, बोर्डो मिश्रण, मुरघास, जनावरांचे लसीकरण अशी प्रात्यक्षिके. प्रत्येक मुलाला एक यजमान शेतकरी जोडून दिलेला असतो. शिबिराचे सात दिवस कुठे आणि हे काही महिने कुठे! योजना म्हणून हा कार्यक्रम उत्तम आहे. अडते ते दुसरीकडेच.

माझ्या शिबिराची गोष्ट

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी स्वतःची गोष्ट सांगतो. विद्यार्थी असताना मीही अशाच एका शिबिराला गेलो होतो. गाव जिरायत पट्ट्यातले. आम्ही पन्नासेक पोरांनी सहा दिवस खपून वस्तीपर्यंत रस्ता केला. हाताला फोड आले. शेवटच्या दिवशी नारळ फुटला, भाषणे झाली, फोटो निघाला. पुढच्या मृगाच्या पावसात तो रस्ता निम्मा वाहून गेला. कडेला गटार काढायला हवे होते, उताराला मोरी टाकायला हवी होती. हे आम्हाला कुणी सांगितले नाही आणि आम्हीही कुणाला विचारले नाही. विचारले असते तर त्या वस्तीवरच्या कुणीही सांगितले असते, की "बाळांनो, पाणी इकडून येतं."

पण त्या शिबिरातली एक संध्याकाळ अजून आठवते. एका म्हाताऱ्या आजींच्या ओट्यावर आम्ही चौघे बसलो होतो. त्या बहात्तरच्या दुष्काळाचे सांगत होत्या. खडी फोडायला कशा गेल्या, सुकडी कशी मिळायची, गावातल्या सगळ्या विहिरी आटल्या तरी एका विहिरीला पाणी कसे राहिले आणि सगळे गाव त्यावर कसे जगले. आम्ही तोंडात बोट घालून ऐकत होतो. वही खोलीवर होती. कुणीच काही लिहून घेतले नाही. आज त्या आजी नाहीत. ती विहीर नेमकी कोणती, हेही मला सांगता येणार नाही. रस्ता वाहून गेला त्याचे दुःख नाही, मुरूम पुन्हा टाकता येतो. ती माहिती मात्र गेली ती गेली.

तेव्हापासून मला वाटत आले आहे, की शिबिराची खरी कमाई श्रमदानाच्या ढिगात मोजायची नसते. ती वहीत असते. आणि ती वही बहुतेक वेळा एक तर लिहिलीच जात नाही, किंवा लिहिली तर कॉलेजच्या कपाटात जाऊन बसते. गावात राहत नाही.

शंभर वर्षांपूर्वी याच खोऱ्यात

ही काही नवी कल्पना नाही. आपल्याच नीरा खोऱ्यात तिचा जुना दाखला आहे.

१८७६-७७च्या मोठ्या दुष्काळात नीरा डाव्या कालव्याचे काम लागले आणि १८८५च्या सुमारास पाटाला पाणी आले. माळरानाची बागाईत झाली. ऊस आला, गूळ आला, चार पैसे आले. पण पंचवीस वर्षे होतात न होतात तोच काही रानांत पांढरे मीठ फुटू लागले. जिथे ऊस डोक्याच्या वर जायचा तिथे गवतही धड उगवेना. त्या वेळी पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य होते हॅरॉल्ड मॅन. मुळात रसायनशास्त्रज्ञ. पुण्याला येण्याआधी त्यांनी आसामकडे चहाच्या मळ्यांसाठी संशोधन केले होते. मॅन आणि तांम्हणे या जोडीने नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास केला आणि १९१० साली मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने ती पुस्तिका छापली. महाविद्यालयातली माणसे वर्गाबाहेर पडून आपल्या पाटाच्या पट्ट्यात आली, त्याला आता शंभरावर वर्षे झाली.

मॅन तिथेच थांबले नाहीत. सहस्रबुद्धे, कानिटकर, तांम्हणे या महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी पुण्याजवळचे पिंपळे सौदागर हे एक साधे गाव निवडले आणि ते अक्षरशः मोजून काढले. जमीन किती, तुकडे किती, पीक काय, कर्ज किती, घरात खाणारी तोंडे किती. १९१७ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातला एक आकडा आजही अर्थशास्त्राच्या पुस्तकांत देतात. १७७१ साली त्या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१५च्या सुमारास ७ एकरांवर आली होती. जमिनीचे तुकडे पडत चालले आहेत हे त्या काळी सगळेच म्हणत होते. पण किती, हे एका गावाने आकड्यांत दाखवले. पुढे १९२१ साली जातेगाव बुद्रुक या जिरायत गावाचा तसाच अभ्यास मॅन आणि कानिटकर यांनी प्रसिद्ध केला.

आज पिंपळे सौदागरला जाऊन पाहा. पिंपरी-चिंचवडच्या पसाऱ्यात उंच इमारती उभ्या आहेत. शेत शोधून सापडणार नाही. पण शंभर वर्षांपूर्वी तिथला कुणबी कसा जगत होता, हे आपल्याला कळते. कारण कुणीतरी जाऊन विचारले आणि लिहून ठेवले.

त्यात एक उणे मात्र राहिले आणि ते आपल्या मुद्द्याचे आहे. हे सगळे लिखाण इंग्रजीत झाले. ते सरकारी दप्तरात आणि ग्रंथालयांत गेले. ज्यांच्या रानातली माती तपासली, ज्यांच्या घरातले कर्ज लिहिले, त्यांना ते वाचता येण्याजोगे नव्हते. आज तशी अडचण नाही. मुले आपलीच, भाषा आपली आणि गावात लिहिता-वाचता येणारी माणसेही भरपूर.

जेसीबीला जे जमत नाही

आता कुणी म्हणेल, पोरांनी श्रमदान करू नये की काय? जरूर करावे. घाम गाळल्याशिवाय माणूस जमिनीवर येत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी सातारला १९४७ साली महाविद्यालय काढले ते 'कमवा आणि शिका' या विचारावरच. तिथे शिकणाऱ्या मुलाला हातातले खोरे ही लाज वाटायची नाही. बाबा आमट्यांनी चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला श्रमसंस्कार छावणी भरवली, तिथे गेलेल्या कित्येक तरुणांच्या आयुष्याची दिशा बदलली.

पण एक गोष्ट मान्य करू. पन्नास पोरे दिवसभर खपून जेवढी माती उपसतात, तेवढी जेसीबी चहा व्हायच्या आत उपसतो. तेव्हा गावाने शिबिराकडे फुकटची मजुरी म्हणून पाहिले तर तो तोट्याचा सौदा आहे. पन्नास पोरांना पन्नास जोड डोळे असतात, शंभर पाय असतात आणि हातात पेन असतो. घरोघर जाऊन विचारणे, बांधावर उभे राहून मोजणे आणि लिहून ठेवणे ही कामे जेसीबीला जमत नाहीत. ती त्यांना द्या. दोन तास खोरे आणि चार तास वही, असे गणित बसवा.

पोरांना काय मिळते?

चहाच्या बाकावरच्या प्रश्नाचा दुसरा भाग असा होता, की पोरे बरोबर काय नेतात.

या कॉलेजांत शिकणारी पुष्कळ मुले शेतकऱ्यांचीच आहेत. लहानपणापासून त्यांनी घरात एकच वाक्य ऐकलेले असते, "शीक बाबा, म्हंजे आमच्यासारखं मातीत जावं लागायचं न्हाई." म्हणजे शिक्षण ही शेतातून बाहेर पडायची वाट. त्याच मुलाला महाविद्यालय पुन्हा बांधावर आणून उभे करते, तेव्हा त्याला आधी ते अवघड वाटते. मग हळूहळू काहीतरी उलगडते. घरी त्याने दारे धरलेले असते, रात्रीच्या पाळीला पाणी दिलेले असते, पण एका दाऱ्यातून किती पाणी गेले हे कधी मोजलेले नसते. आपल्या रानाचा सामू किती, हे त्याला माहीत नसते. परक्या गावात, परक्या रानात तो हे पहिल्यांदा मोजतो. आणि घरी गेल्यावर वडिलांना विचारतो, "दादा, आपल्या खालच्या पट्टीत ऊस का बसतोय?" हा प्रश्न म्हणजेच शिक्षण.

मुलींच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट घडते. सात दिवस घराबाहेर राहायची परवानगी मिळवण्यापासून त्यांचे शिक्षण सुरू होते. गावातल्या बायका पुरुषांसमोर जे बोलत नाहीत ते या पोरींशी बोलतात. पाणी कुणाला किती लांबून आणावे लागते, कुणाच्या अंगात रक्त कमी आहे, कुणाची मुलगी दहावीनंतर घरी बसवली, हे ग्रामपंचायतीच्या कुठल्याही रजिस्टरला सापडणार नाही. ते पोरींच्या वहीत सापडते. यात एक पथ्य मात्र पाळायचे. विश्वासाने सांगितलेले नावानिशी लिहायचे नाही, फक्त संख्या लिहायची.

परदेशातही ही गोष्ट लोकांनी अनुभवातूनच ओळखली. दुसऱ्या महायुद्धात कुर्ट हान या शिक्षकाने १९४१ साली वेल्समध्ये तरुण खलाशांसाठी समुद्रावरची शाळा काढली. त्यामागची गोष्ट अशी सांगतात, की बुडालेल्या बोटींतून होडक्यात उतरलेल्यांपैकी धडधाकट तरुण आधी हात-पाय गाळत आणि वयाने मोठे खलाशी तग धरत. म्हाताऱ्यांच्या अंगात ताकद जास्त नव्हती, सोसायची सवय होती. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. तीन दुष्काळ पाहिलेला माणूस चौथ्या दुष्काळात घाबरत नाही, हिशेब मांडतो.

गावाने मागायची चार कामे

शिबिर किंवा कृषिदूत येणार असे पत्र आले, की सरपंच आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांनी (आता कागदावर ते ग्रामपंचायत अधिकारी झाले आहेत) त्यांच्यापुढे आपली मागणी ठेवावी. आपल्या बागाईत पट्ट्याला उपयोगी पडतील अशी चार कामे सुचवतो.

पहिले, विहिरींचे पाणी मोजणे. गावाच्या चारी बाजूंच्या पंधरा-वीस विहिरी ठरवून घ्याव्यात. कठड्यावर रंगाने खूण करावी आणि त्या खुणेपासून पाण्यापर्यंत टेप सोडून मोजावे. मोटर रात्रीपासून बंद असताना, सकाळी मोजावे. सरकारची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. जानेवारीत शिबिराची मुले असतात, ऑक्टोबरपर्यंत कृषिदूत असतात. राहिलेले दोन महिने गावातल्या शाळेच्या मुलांना सांगावे. पाटाखालच्या गावात विहिरीचे पाणी वर आले की आपल्याला आनंद होतो. पण ते पाणी जमिनीपासून पाच-सहा फुटांच्या आत येऊन तिथेच राहायला लागले, तर तो धोक्याचा कंदील समजावा. खालचे क्षार ओलीबरोबर वर चढतात, पाणी उन्हाने उडून जाते आणि मीठ वर राहते. रान पांढरे पडण्याच्या आधी काही वर्षे विहीर ते सांगत असते. मोजले तरच ऐकू येते.

दुसरे, माती. एकेका गटातून नमुना काढताना वरचा पाला-कचरा बाजूला सारायचा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची माती तासून घ्यायची. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची माती घेऊन एकत्र करायची, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असे करत अर्धा किलो उरवायची. सावलीत वाळवून कापडी पिशवीत भरायची आणि गट नंबर, पुढचे पीक, तारीख लिहिलेली चिठ्ठी आत टाकायची. बांधालगतची, उकिरड्याजवळची, झाडाखालची माती घ्यायची नाही. नुकते खत टाकलेल्या रानातली तर नाहीच. ऊस तुटून गेलेल्या, खत न टाकलेल्या रानात हिवाळ्यात हे काम चांगले होते.

क्षारपड रानाचा नमुना मात्र एका वीतभरावर भागत नाही. दोन-तीन फुटांपर्यंत थराथराने वेगळी माती घ्यावी लागते. सामू साडेआठच्या वर गेला की जमीन चोपण होत असल्याची शंका घ्यावी. क्षार जास्त पण सामू साडेआठच्या आत, तर ती क्षारयुक्त. दोन्ही पांढऱ्या दिसतात, पण औषध वेगळे. जिप्सम चोपण जमिनीला लागते, तेही प्रयोगशाळा सांगेल तेवढे. नुसत्या क्षारयुक्त जमिनीत जिप्समचे पैसे वाया जातात, तिला निचरा आणि चांगले पाणी हवे. आणि निचऱ्याची चर नसेल तर दोन्ही उपाय म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. निचरा एकट्याच्या रानात होतही नाही, चर खालच्या शेजाऱ्याच्या बांधातून जाते. म्हणून पोरांनी मातीबरोबर एक नकाशा काढावा. कुठल्या गटातून पाणी कुठे उतरते, जुना ओढा कुठे होता आणि तो कुठे बुजला. या नकाशावरून निचऱ्याचा सामुदायिक प्रस्ताव तयार करता येतो.

तिसरे, उसाच्या कोप्या. शिबिराचे दिवस म्हणजे गाळपाचे दिवस. गावाच्या कडेला मराठवाड्यातून आलेल्या तोडकऱ्यांच्या कोप्या असतात. पहाटे आई-बाप फडात जातात, मागे धाकट्याला सांभाळत थोरली पोर राहते. तिची शाळा गावाकडे राहिलेली असते. शिबिरातल्या दहा मुलांनी तीन संध्याकाळी फिरून शाळेच्या वयाच्या पोरांची यादी केली आणि ती मुख्याध्यापकांच्या हातात दिली, तर त्यातली निम्मी पोरे तरी हंगामापुरती आपल्या शाळेत बसू शकतात. ऊस आपला आहे, त्याच्या पाठीमागच्या पोरांकडेही आपणच पाहिले पाहिजे.

चौथे, म्हाताऱ्या माणसांची साक्ष. १९७२ साली जे विशीत होते ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. कुठली विहीर आटली नाही, कुठला झरा चालू राहिला, पाटाचे पाणी किती दिवस बंद होते, जनावरे कुठे नेली, कुठले वाण तगले, हे त्यांच्या डोक्यात आहे. प्रत्येक पोराने एका आजोबांजवळ किंवा आजींजवळ बसून दोन पाने लिहावीत. पुढचा दुष्काळ येईल तेव्हा टँकरचा अर्ज लिहायच्या आधी ही पाने उघडता येतील. हे काम पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखे नाही. का, ते मी वर सांगितलेच आहे.

वही कुणाच्या ताब्यात?

आता मुख्य गोष्ट. मुलांनी कॉलेजसाठी जो अहवाल लिहायचा तो लिहावा. पण त्याची एक प्रत, स्वच्छ मराठीत, ग्रामपंचायतीत राहिली पाहिजे. त्यासाठी एक जाड रजिस्टर घालावे, त्याला पाने क्रमांक टाकावेत आणि आवक-जावकेत त्याची नोंद करावी. पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांच्या हाती आधी तेच द्यावे. म्हणजे दरवर्षी पहिल्यापासून श्रीगणेशा होणार नाही. त्याच विहिरी, त्याच खुणा, त्याच गटांची माती. पाच वर्षांच्या नोंदी ओळीने लागल्या, की गावाजवळ असा दस्तऐवज होतो जो पैसे टाकूनही मिळत नाही. गावाचा विकास आराखडा करताना मग अंदाजपंचे बोलायला नको.

दुसरे म्हणजे ग्रामसभा. हिवाळी शिबिराच्या मुलांपैकी दोघांनी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत उभे राहून दहा मिनिटांत सांगावे, की आम्ही काय मोजले आणि काय निघाले. कृषिदूतांनी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सांगावे. लोक प्रश्न विचारतील. एखादा म्हणेल, "माझ्या हिरीचं माप चुकलंय." चुकले असेल तर पुन्हा मोजावे. परीक्षेच्या बाईंसमोर किंवा सरांसमोर उत्तर देणे वेगळे आणि ज्याची विहीर आहे त्याच्यासमोर देणे वेगळे. यापेक्षा मोठी तोंडी परीक्षा कुठल्या विद्यापीठात नाही.

शेतकऱ्यांच्या पदरातही थोडे काम आहे. पोरगा बांधावर आला की "सायबाला इचार" म्हणून वाटेला लावू नका. त्याला रान दाखवा. चुकत असेल तर चुकले म्हणा. खते किती टाकली ते खरे सांगा. उगीच कमी सांगितले तर त्याची वही खोटी आणि आपला सल्लाही खोटा. त्याच्याकडून माती परीक्षणाचा कागद मागून घ्या आणि तो कपाटात न ठेवता खताच्या दुकानात जाताना खिशात ठेवा. २०१५ पासून सरकारने मृदा आरोग्य पत्रिका वाटल्या, त्यांतल्या कितीतरी देवघराच्या फळीवर पडून आहेत. त्यात दोष पत्रिकेचा नाही.

प्राध्यापक मंडळींनाही एक विनंती. सत्कार, शाली, पाहुण्यांची भाषणे यांत शिबिराचे दोन दिवस जातात. गावाला त्याची अपेक्षा नसते, सवय लागलेली असते. एक भाषण कमी करा आणि मुलांना आणखी एका वस्तीवर पाठवा. माती-पाण्याचा नीट अर्थ लावायला बारामतीचे कृषी विज्ञान केंद्र जवळच आहे, त्यांना आधीच बोलावून ठेवा. आणि मुलांनी लिहिलेल्या आकड्यांवर स्वतःची सही करा. सही करायची म्हटली की आपण आकडा दोनदा तपासतो.

त्या दिवशी चहाच्या बाकावर हे सगळे बोलून झाल्यावर ते शेतकरी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे पोरांनी आमची हीर मोजायची, आन् दुसऱ्या वर्साला दुसऱ्या पोरांनी तीच मोजायची? मग चालंल. माझी हीर घ्या पैली. पासष्ट सालापासनं बघतोय मी तिला, पन मापलं न्हाई कदी."

अशी एक तरी विहीर प्रत्येक गावात आहे आणि ती दाखवायला तयार असलेला माणूसही आहे. पुढच्या हंगामात कॉलेजचे पत्र येईल तेव्हा मंडप आणि जेवणाची सोय बघण्याआधी सरपंचांनी एक कोरे रजिस्टर विकत आणून ठेवावे. पत्राला होकार देताना त्यात एक ओळ घालावी : वही गावात राहील.